मुख्य आणि मदतनीस

पॅट समिट हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसेल. अमेरिकेत टेनेसी नावाचं राज्य आहे. तिथल्या नॉक्सव्हिल गावच्या विद्यापीठात ही बाई मुलींच्या बास्केटबॉल संघाची ३८ वर्षं मुख्य कोच होती. १९७४ साली काम हाती घेतलं तेव्हा तिचं वय २२ आणि पगार महिन्याला अडीचशे डॉलर. २००६ साली तिचा वर्षाचा पगार दहा लाख डॉलरवर गेला. मुलींच्या कॉलेज संघाच्या कोचला एवढा पगार त्याआधी कुणालाच मिळाला नव्हता. २०१२ मध्ये ती थांबली तेव्हा तिच्या नावावर १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं होती.

मला हे सगळं माहीत असण्याचं कारण माझी भाची. आक्काची धाकटी. शाळेपासून बास्केटबॉल खेळते, आणि आता आमच्या सीमाभागातल्या एका कॉलेजात मुलींच्या संघाची सहायक प्रशिक्षक आहे. तिने मला समिटबाईंचं ‘सम इट अप’ हे आत्मचरित्र वाचायला दिलं. "मावशी, तुझं बी.ए. इंग्रजी घेऊन झालंय ना, मग वाच की," असं म्हणून पुस्तक माझ्या पुढ्यात टाकून गेली. चातुर्मासातल्या दुपारी, देवळातनं आल्यावर, शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते वाचलं. चेंडूला हात लावून मला चाळीस वर्षं झाली. पण पुस्तक खेळाबद्दल जेवढं आहे, त्याहून जास्त घराबद्दल आहे. निदान मी तरी ते तसंच वाचलं.

पॅटचं घर शेतकऱ्याचं. दूधदुभतं आणि तंबाखूची शेती. तीन थोरले भाऊ, मग ही, आणि पाठीवर एक बहीण. गवताच्या माळ्यावर रात्री भावांबरोबर बास्केटबॉल खेळायची. भाऊ काही सूट देत नसत. वडील फार कमी बोलणारे, शाबासकी तर जवळजवळ नाहीच. पण ती ज्या हायस्कूलला जाणार होती तिथे मुलींचा संघ नव्हता, तेव्हा या माणसाने काय केलं? घर हलवलं! शेजारच्या काउंटीतल्या शाळेत मुलींचा संघ होता म्हणून सगळं बिऱ्हाड तिकडे नेलं. मी हे वाक्य दोनदा वाचलं. आपल्याकडे मुलाच्या कोचिंग क्लाससाठी आई कोट्याला खोली घेऊन राहते, हे पाहिलंय. मुलीच्या खेळासाठी बापाने घर बदललेलं मी माझ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

पुढे भाऊ खेळाच्या शिष्यवृत्तीवर कॉलेजला गेले. पॅटची फी मात्र आईवडिलांनी खिशातून भरली, कारण त्या वेळी मुलींना खेळासाठी शिष्यवृत्ती नसेच. खेळ एकच, घर एकच, पण पावती वेगळी.

तिला मुख्य कोचचं पद कसं मिळालं ते वाचून हसू येतं आणि वाईटही वाटतं. ती नॉक्सव्हिलला एम.ए.सारखा पुढचा अभ्यास करायला आणि कोचच्या हाताखाली मदतनीस म्हणून गेली होती. काम सुरू व्हायच्या आतच आधीच्या कोचबाईंनी ते सोडलं, आणि बावीस वर्षांच्या या पोरीला ‘आता तूच बघ’ असं सांगण्यात आलं. मदतनीस म्हणून एक दिवसही काम न करता ती मुख्य झाली. भाग्य म्हणावं तर त्या पदाला त्या वेळी काही किंमतच नव्हती. किंमत असती तर ते इतक्या सहज एखाद्या विद्यार्थिनीच्या ओटीत पडलं नसतं. संघातल्या काही मुली तिच्याहून जेमतेम वर्षाने लहान. व्हॅन तीच चालवायची, मुलींचे कपडे तीच धुवायची. ते कपडेसुद्धा आदल्या वर्षी मुलींनी डोनट विकून जमवलेल्या पैशातले. एकदा हॉटेलला पैसे नव्हते, तर सामन्याच्या आदल्या रात्री सगळा संघ प्रतिस्पर्ध्यांच्याच व्यायामशाळेत चटया टाकून झोपला. स्वतःचा अभ्यास चालूच, शिवाय विद्यार्थ्यांना शिकवायचं. गुडघा दुखावलेला, त्याचे व्यायाम करून १९७६च्या ऑलिंपिकची तयारीही तीच करायची. त्या ऑलिंपिकमध्ये ती खेळली आणि अमेरिकेला रौप्यपदक मिळालं. १९८४ला तीच संघाची कोच होती, तेव्हा सुवर्ण.

पहिला सामना ती हरली. ८४ विरुद्ध ८३. एका गुणाने.

पहिलं राष्ट्रीय विजेतेपद तिला मिळालं १९८७ साली. म्हणजे तेरावा हंगाम. आज एवढी वाट कोणतं कॉलेज बघेल?

आता मला जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं. १९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. ‘टायटल नाइन’ म्हणतात त्याला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कुणाला मागे ठेवायचं नाही, असा त्याचा साधा अर्थ. त्यामुळे मुलींच्या खेळाला मैदानं मिळाली, शिष्यवृत्त्या मिळाल्या, पैसा आला. हे सगळं चांगलंच झालं. पण एक गंमत बघा. तो कायदा झाला तेव्हा कॉलेजच्या मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांत शंभरात नव्वदाहून अधिक बायका होत्या. आता त्या शंभरात चाळीसेक आहेत. पगार वाढला, टीव्हीवर सामने दिसू लागले, आणि पुरुषांनाही मुलींचा संघ शिकवावासा वाटू लागला. मुलांच्या संघांना शिकवणाऱ्या बायका मात्र आजही बोटांवर मोजण्याइतक्या.

हे वाचताना मला आमच्या लग्नातला मांडव आठवला. वर्षभर घरात रोज दोन वेळा स्वयंपाक आम्ही करतो, त्याला काम म्हणत नाहीत. पाचशे पानं उठायची असली आणि पैसे द्यायचे असले की आचारी येतो आणि आम्ही त्याला कांदालसूण घालू नका एवढंच सांगायला उरतो. देवळातल्या पाठशाळेचंही तेच. रविवारी सकाळी तीस-चाळीस पोरांना णमोकार मंत्रापासून छहढाळ्यापर्यंत शिकवणाऱ्या आमच्यातल्याच बायका. पण वार्षिक समारंभाच्या पत्रिकेवर ‘पाठशाळा प्रमुख’ म्हणून नाव छापलं जातं ते कमिटीतल्या कुणा अण्णांचं. त्यात अण्णांचा दोष नाही. त्यांनाही ते नाव छापून येतं तेव्हाच कळतं.

पॅटबाईंना त्यांच्याच विद्यापीठाने मुलांचा संघ घ्याल का म्हणून विचारलं होतं, एकदा सोडून जास्त वेळा. त्यांनी घेतला नाही. त्याला बढती का म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न. मी तिथे पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले.

आता त्या देशात मुख्य कोच व्हायची जी वाट आहे, ती भाचीने मला एका वहीच्या पानावर काढून दाखवली. शिक्षण घेता घेता मदत करणारी विद्यार्थिनी, मग सामन्यांच्या चित्रफिती कापून जोडणारी व्हिडिओ कोऑर्डिनेटर, किंवा संघाचा प्रवास, राहणं, जेवण बघणारी. मग सहायक कोच. सहायकाचं काम म्हणजे गावोगाव फिरून चांगल्या खेळणाऱ्या मुली हेरायच्या, त्यांच्या घरी जाऊन आईबापांशी बोलायचं, पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे सामने बघून टिपणं काढायची, आणि रात्री अकरा वाजता घरची आठवण येऊन रडणाऱ्या पोरीजवळ बसायचं. काही वर्षांनी सहायकातली पहिली. आणि मग कुठल्या तरी लहान कॉलेजात मुख्य, तिथे जिंकलात तर मोठ्या कॉलेजात. मुख्य कोचला काढलं की बहुधा त्याचे सहायकही जातात, कारण नवा माणूस स्वतःची माणसं घेऊन येतो. म्हणजे आपली काही चूक नसताना बिऱ्हाड उचलायचं. बदलीच्या नोकरीत नवऱ्यामागे फिरलेल्या माझ्या मैत्रिणींना हे जास्त कळेल.

या वाटेवरची जी बाई मला पॅटपेक्षाही जवळची वाटली, ती हॉली वॉर्लिक. ही पॅटचीच खेळाडू. १९८० पर्यंत टेनेसीकडून खेळली. पुढे दोन दुसऱ्या विद्यापीठांत मदतनीस म्हणून काम करून १९८५ साली परत आली, पॅटची सहायक म्हणून. आणि सहायकच राहिली. किती वर्षं? २७. पॅटची आठही विजेतेपदं हॉली शेजारच्या खुर्चीवर असताना आली. १९९७-९८च्या हंगामात ३९ सामने खेळून ३९ जिंकले, तेव्हाही ती शेजारच्या खुर्चीवर होती.

तिच्याच बरोबर १९८५ला आलेली दुसरी सहायक मिकी डीमॉस. ती आधी फ्लोरिडा विद्यापीठात मुख्य होती. ते सोडून मग सहायक झाली. अठरा वर्षं पॅटजवळ राहून २००३ साली केंटकीला मुख्य म्हणून गेली, चार वर्षांनी तेही सोडलं, आणि शेवटी पुन्हा टेनेसीत पॅटजवळ सहायक म्हणून आली. आपल्याकडे याला लोक ‘खाली आली’ म्हणतील. आक्काचे यजमान, आमचे दाजी, तसंच म्हणाले. मला तसं वाटत नाही. काही माणसांना घर चालवायला आवडतं पण घराचा मालक व्हायला आवडत नाही. अशी एक माझी जाऊच आहे, तिच्याशिवाय आमच्यातलं एक कार्य पार पडत नाही, आणि पुढे हो म्हटलं की ती स्वयंपाकघरात जाते.

पण हॉली तशी होती का? पुस्तक वाचून ते नीट कळत नाही, कारण पुस्तक पॅटचं आहे. मुख्याच्या पुस्तकात सहायक किती येणार?

२०११च्या ऑगस्टमध्ये पॅटने जाहीर केलं की तिला विस्मरणाचा आजार झालाय, अल्झायमरच्या जातीचा. वय ५९. अडतीस वर्षं दर सामन्याचं गणित डोक्यात ठेवणारी बाई, आणि आजार नेमका डोक्यालाच. तरी तो एक हंगाम ती मुख्य कोच म्हणून संघाबरोबर बसली. प्रत्यक्षात बरचसं काम हॉलीनेच केलं. सामन्यात मुलींशी बोलणं, पत्रकारांना सामोरं जाणं. पण त्या हंगामातले विजय पॅटच्या नावावर लागले, १,०९८ मध्ये तेही आहेत. हॉलीने त्याबद्दल तक्रार केल्याचं मी कुठे वाचलं नाही. २०१२च्या एप्रिलमध्ये पॅट बाजूला झाली आणि हॉली मुख्य झाली. २०१६च्या २८ जूनला पॅट गेली, ६४व्या वर्षी.

हॉली सात वर्षं मुख्य होती. सातही वर्षं संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेला, तीनदा शेवटच्या आठांत पोचला. दुसऱ्या कुठल्या कॉलेजात एवढ्यावर सत्कार झाला असता. पण तिथे भिंतीवर आठ विजेतेपदांचे झेंडे. २०१९ साली पहिल्याच फेरीत हरले आणि तिला काढलं. ज्या विद्यापीठात ती खेळली, ज्याच्यासाठी चौतीस वर्षं राबली, तिथूनच.

भाचीला मी म्हटलं, "अगं, हे वाचून तुला वाईट वाटलं नाही का?" तर म्हणाली, "वाटलं की. पण मावशी, सात वर्षं तरी बसली ना खुर्चीवर." मला काय बोलावं सुचेना.

हॉलीनंतर आली केली हार्पर. तीही पॅटचीच विद्यार्थिनी. १९९६, ९७, ९८ अशा तीन विजेत्या संघांत खेळलेली. पण तिने बाहेर जाऊन तीन कॉलेजांत मुख्य म्हणून काम करून मग टेनेसी घेतलं. पाच वर्षांनी तिलाही काढलं. आणि २०२४ साली आली किम कॉल्डवेल, जिचा पॅटच्या घराण्याशी काही संबंध नाही. एका लहान कॉलेजला तिने खालच्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, मग एक वर्ष मधल्या कॉलेजात, आणि तिथून थेट इथे. पहिल्याच हंगामात, २०२५च्या जानेवारीत, ती बाळंत झाली. एक सामना चुकवला आणि आठवड्याभरात परत मैदानाशेजारी उभी! हे मी आक्काला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. "सव्वा महिना नाही, शेक नाही, शेगडी नाही, कंबर धरून बसेल गं ती पोरगी." मलाही ते बरोबर वाटत नाही, खरं सांगते. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. घरी बसली असती तर ते पद तिच्याकडे कितपत राहिलं असतं, एवढाच प्रश्न माझ्या मनात आला. पॅटच्याही बाबतीत हेच. १९९० मध्ये दिवस भरलेले असताना ती एका मुलीला आपल्या संघात घ्यायला पेनसिल्वेनियाला तिच्या घरी गेली होती. तिथेच कळा सुरू झाल्या. विमानात वैमानिक म्हणाला, वाटेत व्हर्जिनियात उतरवू का? तर ही नाही म्हणाली, कारण व्हर्जिनियाच्या संघाने त्या वर्षी टेनेसीला हरवलं होतं! मुलगा टेनेसीतच जन्मला. ती पेनसिल्वेनियाची मुलगी आधी दुसरीकडेच गेली, मग पॅटकडे आली आणि १९९६चं विजेतेपद मिळवून दिलं. हा प्रसंग अमेरिकेत हसत सांगतात. मी वाचताना हसले नाही.

आता आमच्या घरचं. भाचीला त्या कॉलेजात घेतलं तेच मुळात ‘बाहेरगावी सामन्यांना मुलींबरोबर एक बाई पाहिजे’ म्हणून. वर्षावर्षाच्या करारावर. प्रमुख प्रशिक्षक सर आहेत, फिजिकल डायरेक्टर. माणूस वाईट नाही. त्यांचा खेळ कबड्डी. बास्केटबॉलच्या सरावाला ते कधीमधी येतात, ट्रॉफीबरोबरच्या फोटोला येतात. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मैदानावर उभी असते ती आमची पोर. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण व्हावं लागतं. तिने लहानपणी घेतलेला नेम आजवर मोडलेला नाही. म्हणून पाच वाजता मैदानाच्या पायरीवर बसून डबा खाते. दोन भाकऱ्या, कोरडी भाजी. थंडीत दिवस लवकर मावळतो तेव्हा साडेचारलाच. पोरी तिला ‘मॅडम, रात्री भूक लागत नाही का’ विचारतात. सात वर्षं झाली.

दाजींचं म्हणणं असं, की सात वर्षांत आमच्या भांड्याच्या दुकानातला नोकर स्वतःचं दुकान टाकून मोकळा झाला आणि ही अजून दुसऱ्याच्या हाताखालीच. त्यापेक्षा चांगलं स्थळ आलंय ते बघावं. दाजींना मुलीचं वाईट करायचं नाही. त्यांना ‘सहायक’ या शब्दाचीच लाज वाटते. जातीतल्या लोकांना सांगताना ते नुसतं ‘कॉलेजात आहे’ म्हणतात.

गेल्या महिन्यात धारवाडकडच्या एका संस्थेची जाहिरात आली. मुलींच्या संघासाठी मुख्य प्रशिक्षक. तिने मला फोन केला. "मावशी, फॉर्ममध्ये रकाना आहे. मुख्य प्रशिक्षक म्हणून अनुभव, किती वर्षे. काय लिहू? शून्य लिहू?" आवाज रडका नव्हता. हिशेब विचारावा तसा होता. मी विचारलं, सर नसताना सामन्यांना कोण होतं? म्हणाली, "मीच. पण ते कागदावर कुठंय?"

ते कागदावर आहे, हे तिच्याच लक्षात आलं, दुसऱ्या दिवशी. बास्केटबॉलचा सामना सुरू व्हायच्या आधी प्रशिक्षकाला गुणपत्रकावर सही करावी लागते. संघातली नावं बरोबर आहेत आणि सुरुवातीला कोणत्या पाच खेळणार, हे त्या सहीने सांगायचं असतं. सर आले नव्हते त्या प्रत्येक सामन्याच्या कागदावर तिची सही आहे. आयोजकांकडे मूळ कागद असतो, संघाला त्याची प्रत मिळते. काही प्रती तिच्या ट्रंकेत निघाल्या, काही कॉलेजच्या कपाटात होत्या, दोन-तीन ठिकाणी आयोजकांना फोन करून मागवाव्या लागल्या. दाजी झेरॉक्स काढायला स्कूटरवर गेले. किती पानं काय पानं विचारलं नाही, पण दुकानदाराने कशाचे कागद म्हणून विचारलं तेव्हा ‘पोरगीचे सामने’ म्हणाले, असं आक्का सांगत होती.

आतापर्यंत सव्वीस सामने मिळालेत. सोळा जिंकलेले, दहा हरलेले. हरलेले पण जोड, असं मी तिला सांगितलंय. अर्जाची शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारी आहे आणि रायबागच्या एका स्पर्धेचे कागद अजून यायचे आहेत.